सोलापुरात जपानी सिंहनृत्य बसवताना

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा मंडळाच्या कार्यक्रमात जपानी सिंहनृत्य, म्हणजे ‘शिशिमाई’, बसवायचे ठरले की बहुतेकांचा सगळा वेळ सिंहाच्या डोक्यावर खर्च होतो. डोके रंगवून तयार होईपर्यंत कार्यक्रम चार दिवसांवर आलेला असतो, मग मिळेल ते कापड त्याला जोडले जाते आणि मागे कोणीतरी एक मुलगा वाकून उभा केला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की वेळेची वाटणी नेमकी उलटी असायला हवी. प्रेक्षकांना जिवंत वाटते ते सिंहाचे अंग, म्हणजे कापड आणि त्याखाली चालणारा मागचा नर्तक; आणि कापडाची जाण तर सोलापूरकरांना कोणी शिकवायला नको. या लेखात दोन नर्तकांचा एक सिंह कसा घडवावा आणि कसा नाचवावा, हे मी सविस्तर मांडत आहे. आशियातील इतर सिंहनृत्यांतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, तेही ओघाने येईल.

कामाला हात घालण्याआधी मुलांना या नृत्याचा प्रवास सांगावा, कारण तो ठाऊक असलेला मुलगा वेगळा नाचतो. सिंह हा प्राणी ऐतिहासिक काळात जपानमध्ये नव्हता आणि चीनमध्येही नव्हता. चीनच्या दरबारात तो पश्चिमेकडील राज्यांकडून आलेल्या नजराण्यांतून पोहोचला. ज्यांनी सिंह पाहिला नव्हता अशा कारागिरांनी आणि नर्तकांनी तो कल्पनेने घडवला, म्हणून प्रत्येक देशात त्याचा चेहरा निराळा झाला. ‘निहोन शोकी’ या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात अशी नोंद आहे की इ.स. ६१२ मध्ये कोरियातील बेकजे राज्यातून आलेल्या मिमाजी नावाच्या कलाकाराने ‘गिगाकु’ हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य जपानमध्ये शिकवले. त्या गिगाकूच्या मिरवणुकीत सिंह असे. इ.स. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाच्या सोहळ्यात गिगाकू सादर झाले, आणि त्या काळची सिंहाची डोकी तेथील शोसोइन या कोठारात आजही जपलेली आहेत. पुढे गिगाकू मागे पडले, पण सिंह गावोगावच्या देवस्थानांच्या उत्सवांत आणि नववर्षाच्या फेऱ्यांत टिकून राहिला.

जपानमध्ये सिंहाचे दोन मोठे घराणेवजा प्रकार आहेत. एका कापडाखाली दोन किंवा अधिक माणसे असलेला सिंह हा गिगाकूशी नाते सांगणारा. तोयामा प्रांतात तर लांबलचक कापडाखाली कितीतरी माणसे चालतात आणि त्याला गोमेच्या पायांवरून ‘मुकादे-जिशी’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एकच माणूस डोके धारण करून, पोटावर लहान ढोल बांधून नाचतो. पूर्व जपानमध्ये असे तीन सिंह मिळून नाचतात, आणि ईशान्येकडील इवाते व मियागी भागांत त्याच्या जवळचे शिंगांच्या हरणाचे ‘शिशी-ओदोरी’ आहे. आपल्याकडे पहिल्यांदाच करणाऱ्यांनी दोन माणसांचा सिंह घ्यावा. डॉ. द्वारकानाथ कोटणिसांच्या गावाने चिनी सिंह का करू नये, असे कोणी विचारील आणि तो प्रश्न रास्तच आहे. परंतु दक्षिण चीनचा सिंह नीट करायचा तर उड्या, खांद्यावर चढणे आणि खांबांवरचा तोल यांची वर्षानुवर्षांची कसरत लागते. जपानी सिंह बहुधा जमिनीवर राहतो, सावकाश चालतो, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना एका सहामाहीत पेलतो.

डोके

परंपरेने हे डोके किरी नावाच्या अतिशय हलक्या लाकडात कोरतात आणि त्यावर उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचे थर देतात. रंग बहुधा लाल किंवा काळा, डोळे आणि दात सोनेरी. आपण लाकूड कोरण्याच्या भानगडीत पडू नये. शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात साच्यावर कागदाचे थर चिकटवून डोकी करण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटेही कागदाच्या लगद्याचे होतात, त्यामुळे ही वाट दोन्हीकडून ओळखीची आहे.

गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून एका फळीवर डोक्याचा वरचा भाग घडवावा. रुंदी साधारण ३० सेंटिमीटर, उंची २० ते २२ सेंटिमीटर ठेवावी. जपानी सिंहाचा चेहरा बसका आणि रुंद असतो, नाक चपटे, नाकपुड्या फुगलेल्या, भुवया जाड; उंच कपाळ, त्यावर आरसा आणि शिंग ही दक्षिण चिनी सिंहाची लक्षणे आहेत, ती येथे आणू नयेत. शाडू किंचित ओलसर असतानाच त्यावर वर्तमानपत्राचा पहिला थर नुसत्या पाण्याने बसवावा, म्हणजे पुढे मुखवटा सहज सुटतो. त्यानंतरचे थर खळीने चिकटवावेत. कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेली कड विरळ असते आणि एकमेकींत मिसळून जाते, तर कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही दिसत राहते. जुने बुकबाइंडर खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. मैद्याच्या खळीत थोडा फेविकॉल मिसळला की पुरते. आठ ते दहा थर द्यावेत आणि प्रत्येक दोन थरांनंतर सावलीत पूर्ण वाळू द्यावे. सोलापूरच्या उन्हात कागद झटपट वाळतो खरा, पण एका बाजूने आक्रसून चेहरा वाकडा होतो.

सगळ्यात जास्त निगुतीने करायचा भाग म्हणजे खालचा जबडा. शिशिमाईचा आवाज हा त्याच्या दातांचा आवाज असतो. जबडा मिटताना ‘खट्’ असा कोरडा, ठसठशीत ध्वनी शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा, आणि कागदावर कागद आपटून तो कधीच येत नाही. म्हणून खालचा जबडा लाकडी फळीचा करावा आणि वरच्या ओठाच्या आतल्या कडेला बाभळीची किंवा शिसवीची पट्टी स्क्रूने बसवावी, जेणेकरून लाकडावर लाकूड सपाट आपटेल. दोन्ही गालांतून एकेक लहान बोल्ट घालून जबडा टांगावा. बोल्टच्या दोन्ही अंगांना वॉशर, मध्ये चामड्याची चकती आणि वर दुहेरी नट, म्हणजे नाचताना तो ढिला होत नाही. जबडा एका मुठीपेक्षा जास्त उघडणार नाही इतक्या मापाची दोरी आतून बांधावी. वरच्या भागात आडवी लाकडी दांडी पक्की करावी, तिच्यावर डावा हात. जबड्याच्या आत लहान मूठ बसवावी, तिच्यावर उजवा हात. हे झाले की रंगवण्याआधीच डोके उचलून पाच मिनिटे हातात धरून पाहावे. मनगटे थरथरू लागली तर ते जड झाले आहे, आणि त्यावर रंगाचा कितीही सुंदर हात फिरवला तरी नाच बिघडणार आहे. सगळे मिळून दीड-दोन किलोंच्या आत राहावे.

रंगासाठी लाल ऑइल पेंट आणि वर वॉर्निश पुरेसे आहे. चमकी लावू नये. कान वेगळे करून चामड्याच्या तुकड्यावर अडकवावेत, म्हणजे मान हलली की तेही डुलतात. आयाळीसाठी पूर्व भागातल्या कोणत्याही यंत्रमाग कारखान्यात उरलेले सूत मागितले तर मिळेल. पांढऱ्या सुताच्या लडी भरगच्च शिवाव्यात.

कापड

शिशिमाईचे सर्वांत ओळखीचे कापड गडद हिरव्या रंगाचे असून त्यावर पांढऱ्या, गोल गोल वळणाऱ्या वेलींची नक्षी असते. ‘काराकुसा’ म्हणून ओळखली जाणारी ही वेल पश्चिमेकडून रेशीम मार्गाने चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये आली, असा तिचा प्रवास मानला जातो; म्हणजे सिंह आणि त्याचे कापड साधारण एकाच वाटेने चालत आले.

सोलापुरात हे करताना पहिला मोह होतो तो आपल्या चादरीचा. जकार्ड मागावर विणलेली, भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर सिंहाच्या पाठीवर शोभेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती उबेसाठी केलेली, जाड आणि वजनदार असते. तिच्याखाली दोन मुले तिसऱ्या मिनिटाला घामाघूम होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ती पाठीवर पडून राहते, हवा धरत नाही. सिंहाच्या अंगाला हवा धरणारे कापड हवे. चाटी गल्लीतून गडद हिरवे, पातळ पण घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. दुकानात हातावर घेऊन एकदा झटकून पाहावे, फुगून सावकाश खाली बसले तर ते योग्य. पॉलिस्टर स्वस्त पडते, पण अंगाला चिकटते आणि आत गुदमरायला होते.

लांबी सुमारे तीन मीटर घ्यावी. रुंदीसाठी दोन पन्हे मध्ये जोडावेत आणि ती शिवण नेमकी पाठीच्या कण्यावर येऊ द्यावी, कारण तीच मागच्या नर्तकाला अंधारात सरळ रेषा दाखवते. कापड गुडघ्याच्या थोडे खाली संपले पाहिजे. जमिनीवर लोळणारा काठ हे पडण्याचे पहिले कारण असते. पुढच्या बाजूला चुण्या घालून ते डोक्याच्या मागच्या कडेला काज-बटणांनी जोडावे, म्हणजे धुण्यासाठी सोडवता येते. वेलीची नक्षी जुन्या एक्स-रे फिल्मवर कापून घ्यावी आणि पांढऱ्या पिगमेंट रंगाने स्पंजच्या साहाय्याने छापावी. वळणे मोठी ठेवावीत, वीतभर तरी, नाहीतर लांबून नुसते ठिपके दिसतात. ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी पुढच्या वर्षी ही वेल जकार्डवर बारीक सुतात विणून पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या शहराला न शोभण्यासारखे त्यात काहीच नाही.

चाल

सराव तीन टप्प्यांत करावा: आधी डोके आणि कापड दोन्ही न घेता, मग घरातल्या जुन्या पातळ पलंगपोसाखाली, आणि शेवटी खऱ्या साजात.

पुढच्या नर्तकाने गुडघे वाकवून, कोपरे बरगड्यांजवळ ठेवून डोके छातीच्या उंचीवर धरावे. तो बाहेरचे सगळे सिंहाच्या तोंडातून पाहतो. त्याला पहिल्या दिवसापासून एकच क्रम लावावा: आधी सिंहाची नजर वळते, मग मान, मग पाऊल. माणूस स्वभावतः आधी पाऊल टाकतो आणि हातातली वस्तू त्यामागे ओढतो. तसे झाले की प्रेक्षकांना सिंह दिसत नाही, खोके धरलेला मुलगा दिसतो. हा क्रम अंगात मुरण्यासाठी जमिनीवर एक रुमाल ठेवावा, सिंहाने तो दुरून पाहावा, मान तिरकी करावी, थांबावे, एक पाऊल पुढे यावे, दचकून मागे व्हावे, पुन्हा यावे आणि शेवटी वास घ्यावा. एवढे एक काम चांगले जमले तर अर्धे नृत्य हाती आले.

मागचा नर्तक कमरेत वाकलेला असतो आणि त्याला पुढच्याच्या टाचांखेरीज काही दिसत नाही. त्याने पुढच्याच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा दोन्ही हातांनी धरावा, शर्ट किंवा खांदे कधीही धरू नयेत. पुढच्याचा उजवा पाय पडेल तेव्हा मागच्याचाही उजवा पडावा. हे जमल्यावर त्याला श्वास शिकवावा. सिंह झोपलेला असताना डोके जमिनीवर स्थिर असते, आणि तेव्हा सगळे नाट्य मागच्याच्या पाठीत असते: गुडघे किंचित सरळ करत पाठ सावकाश वर, कापड फुगते, गुडघे सैल सोडत पाठ खाली, कापड बसते. हा उतार-चढाव चार-चार मात्रांचा, अजिबात घाई न करता करावा. संथ श्वास चाललेला असताना मध्येच एकदा पाठ थरारली, जणू झोपेत माशी बसली, की समोरची लहान मुले श्वास रोखून पाहू लागतात. मागच्या जागी ढिला मुलगा देऊ नये; ज्याला ताल उत्तम कळतो त्यालाच ती द्यावी, आणि नावे पुकारताना त्याचे नाव आधी घ्यावे.

दोघांमधल्या खुणा जबड्याच्या आवाजाने ठरवाव्यात, कारण आत बोललेले ढोलात ऐकू येत नाही. एक ‘खट्’ म्हणजे थांब, दोन म्हणजे बस, लागोपाठ तीन म्हणजे उसळी. प्रेक्षकांना तो सिंहाचा स्वभाव वाटतो आणि आतल्या दोघांना तो निरोप असतो.

साधारण सहा-सात मिनिटांची बांधणी पुढीलप्रमाणे ठेवता येईल. सिंह झोपलेला आहे. जागा होतो, आळस देतो. अंग खाजवतो आणि दातांनी पिसवा टिपतो, हा प्रसंग जपानमध्ये अनेक ठिकाणी आढळतो आणि हमखास रंगतो. मग काहीतरी खटकते, तो सावध होतो, दात वाजवत चारी दिशांना फिरतो. शेवटी शांत होऊन प्रेक्षकांत उतरतो. जपानी सादरीकरणांत सिंहासोबत वाकड्या तोंडाचा ‘ह्योत्तोको’ किंवा गुबगुबीत गालांची ‘ओकामे’ अशी विनोदी मुखवट्यांची पात्रेही बरेचदा असतात. एखाद्या लहान मुलाला असे पात्र द्यावे. रंगमंचाच्या पायऱ्या उतरताना सिंहाचे कापड धरण्याचे कामही त्याच्याकडून होऊन जाते.

तालीम उन्हाळ्यात असेल तर सकाळी आठच्या आत संपवावी, पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या गावात दुपारी कापडाखाली मुले घालणे धोक्याचे आहे. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना कापडाखालची जागा देऊ नये.

वाद्ये

जपानमध्ये साथीला आडवी बासरी, ढोल आणि लहान काशाची थाळी असते. आपल्याकडे बासरी, ढोल आणि झांज यांवर ते चांगले भागते, फक्त ढोलाच्या ठोक्यांमधली शांतता राखावी लागते. हलगी मात्र शेवटच्या फेरीपर्यंत दूर ठेवावी. हलगी वाजली की सोलापूरच्या मुलांचे पाय आपसूक लेझीमच्या चालीत पडतात आणि सिंह नाहीसा होतो, हे प्रत्येक तालमीत दिसते. त्याच कारणाने हे नृत्य गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत, लेझीम पथकाच्या मागे-पुढे, नेऊ नये. ते अंगणाचे किंवा रंगमंचाचे काम आहे.

डोके चावणे

सिंहाने डोके हलकेच चावले की इडापिडा तो खाऊन टाकतो आणि मूल वर्षभर निरोगी राहते, अशी जपानमध्ये श्रद्धा आहे, आणि नववर्षाला आया मुलांना सिंहासमोर आवर्जून धरतात. आपल्याकडे त्याच सुमारास संक्रांत येते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याने, म्हणजे यात्रेने, होम मैदान गजबजलेले असते आणि घराघरांत बोरन्हाण होते. यात्रेतला नंदीध्वजांचा मान वेगळा, तिथे आपला सिंह नेण्याचे कारण नाही. पण सोसायटीत किंवा वाड्यात एकत्रित बोरन्हाण असेल, तर बोरे-चुरमुरे उधळून झाल्यावर सिंहाने येऊन मुलांची डोकी चावावीत, यापेक्षा योग्य प्रसंग मला सुचत नाही. चावताना पुढच्या नर्तकाने उजव्या हाताचा अंगठा दातांच्या फटीत ठेवावा, म्हणजे जबडा पूर्ण मिटत नाही आणि मुलाचे केस अडकत नाहीत. आईवडिलांना आधी विचारावे, आणि सिंहाने मुलाच्या उंचीपेक्षा खाली बसून यावे. मूल रडले तर हसून मागे व्हावे, आग्रह करू नये.

शेजारचे सिंह

कार्यक्रमाला जोड हवी असेल तर इतर देशांच्या सिंहांची निवड विचारपूर्वक करावी. कोरियातील बुकचोंगचा सिंह चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला घरोघर फिरत असे. ते गाव आता उत्तर कोरियात आहे आणि तिथून आलेल्या निर्वासितांनी दक्षिणेत जपलेल्या या नृत्याला १९६७ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. त्यात सिंह खाऊन कोसळतो, भिक्खू मंत्र म्हणतो, वैद्य सुया टोचतो आणि सिंह उठतो. हा प्रसंग शाळकरी नाटुकल्यासाठी फारच चांगला आहे. चीनच्या दक्षिणेतील सिंह टांगलेली हिरवी पालेभाजी तोंडाने ओढून घेतो आणि पाने प्रेक्षकांवर उधळतो. खांबांवरच्या उड्या वगळून एवढा भाग कोथिंबिरीची जुडी टांगून करता येतो. व्हिएतनाममध्ये शरद पौर्णिमेच्या उत्सवात सिंहापुढे गोल हसऱ्या मुखवट्याचा, हातात पंखा घेतलेला ‘ओंग दिया’ चालतो. आपल्याच देशात सिक्कीमच्या भूतिया समाजाचे ‘सिंघी छाम’ आहे, त्यातला पांढरा हिमसिंह कांचनजंगाशी जोडलेला मानतात, आणि प्रत्येक सिंहात दोन माणसे असतात.

काही सिंह मात्र आपण करू नयेत. बालीचा बारोंग हा मंदिरात ठेवला जाणारा, विधीपूर्वक सिद्ध केलेला मुखवटा आहे. पूर्व जावातील रेओग पोनोरोगोचा सिंहमुख, त्यावरील मोरपिसांच्या प्रचंड पिसाऱ्यासह सुमारे ५० किलो वजनाचा असतो आणि नर्तक तो दातांत धरून पेलतो. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद तातडीने जतन करण्याच्या वारशांमध्ये केली. त्याची थर्मोकोलची नक्कल करण्यापेक्षा पडद्यावर चित्रफीत दाखवावी. जपानी सिंहातही ‘इसे दाइकागुरा’च्या फिरत्या मंडळ्यांमध्ये सिंह हातात घंटा आणि ‘गोहेई’ ही कागदी पट्ट्यांची पवित्र काठी घेऊन नाचतो. तो शिंतो पूजेचा भाग असल्याने स्नेहसंमेलनात वगळावा. निवेदनात नृत्य कुठले, आपण त्यातले काय बदलले आणि का, हे चार वाक्यांत सांगावे. ढोल पुण्या-सोलापूरकडचा आहे, कापड इथले आहे, चाल जपानची आहे, असे सरळ सांगितल्याने रंग कमी होत नाही.

कार्यक्रम संपल्यावर कापड त्याच दिवशी बटणे काढून साध्या पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळवावे. डोके आतून पुसून, जबड्याच्या बोल्टला तेलाचा थेंब देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत ठेवावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास खळीला पावसाळ्यात बुरशी येते. पिशवीत एक वही ठेवावी आणि तिच्यात जबड्याच्या खुणा, नृत्याची बांधणी आणि कापडाची मापे लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षीची जोडी निवडताना यंदाचा मागचा मुलगा पुढे घ्यावा आणि नवा मागे लावावा.